मसुद्यातला एक शब्द

तिने दुकानातल्या काचेच्या कपाटावर कागद पसरला आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर बंद पडलेली चार घड्याळं ठेवली. बाबांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं,

"हे एवढे कंस कसले?"

"जिथे दोघांचं जमत नाही, ते शब्द चौकोनी कंसात टाकायचे. देशादेशांचे करार असेच लिहितात. जमलं की कंस पुसायचा."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर राहतो. मी पुसायचा नाही. मसुदा लिहिणाऱ्याला तो हक्कच नसतो."

"म्हणजे तीन वर्षं शिकायचं आणि हातात साधं खोडरबरही नाही," बाबा म्हणाले. भिंग मात्र त्यांनी कागदाच्या आणखी जवळ नेलं.

ती आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. हे शिकून पुढे काय करतात, ते घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही नव्हतं, पण ते ती कशाला कबूल करते! सरावासाठी मात्र तिला लांब जायची गरज नव्हती. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत होती. अलीकडे बाबा घड्याळं दुरुस्त करत, पलीकडे काका चष्मे बनवत, आणि सहा वर्षं दोघा भावांमध्ये विस्तव जात नव्हता. आजोबांचं ऑपरेशन करायचं, हे बाबांनी काकांना न विचारता ठरवलं होतं आणि आजोबा त्यातून उठले नाहीत. आधी बोलणं बंद झालं, मग भिंत आली. शटर तेवढं एकच राहिलं. ते सकाळी बाबा उघडत आणि संध्याकाळी काका लावत, म्हणजे एकमेकांचं तोंड बघायला नको.

आता जागेच्या मालकीणबाईंनी बजावलं होतं, की शटर, मीटर, पाटी यांचं काय ते आपसात ठरवा आणि शनिवारपर्यंत दोघांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या. नाहीतर जागा घ्यायला मोबाईलवाला तयारच आहे. दोघांचं पोट त्या एका शटरवर होतं आणि दोघेही असे ताठ. तिला रात्री झोप लागेना.

मग सुरू झाल्या तिच्या फेऱ्या.

"या, राजदूतबाई!" काका म्हणायचे. "तिकडचं सरकार काय म्हणतंय?"

"पाटीवर आधी घड्याळं हवीत म्हणतंय."

"का बरं? पाटी वाचायला आधी चष्मा लागतो, म्हणावं."

तिने तेही इमानदारीत लिहून घेतलं. काकांना तिच्या अभ्यासाचं भारी कुतूहल. दोन देशांचं बोलणंच बंद असेल तर निरोप कोण नेतं? वाटाघाटींचं टेबल गोल का करतात? एकदा मान्य केलेला मुद्दा पुन्हा उकरता येतो का? येत नसेल उत्तर, तर ती दुसऱ्या दिवशी कॉलेजात बाईंना विचारून यायची. गंमत म्हणजे दोन दिवसांनी बाबाही घड्याळाचं झाकण लावता लावता सहज म्हणाले, "ते टेबल गोल असलं तर दाराकडे पाठ करून कोण बसतं गं?" टेबलाविषयी ती बाबांशी अवाक्षर बोलली नव्हती. प्लायवूड तसं पातळच होतं.

एकेक कंस पुसला गेला. पाटी दोन्ही बाजूंनी रंगवायची, एकीकडे घड्याळं आधी, दुसरीकडे चष्मे. मीटर महिन्याआड एकेकाने बघायचा. एका शब्दाला मात्र पहिल्या दिवसापासून कंस लागलाच नव्हता. 'आम्ही दोघे भाऊ' असं लिहू का, असं तिने दोघांना वेगवेगळं विचारलं होतं.

"भाडेकरू लिही," बाबा म्हणाले होते.

"भाडेकरू. सरळ," काका म्हणाले होते.

अख्ख्या मसुद्यात विनातक्रार जमलेली एवढी एकच गोष्ट. तिला आधी हसू आलं, आणि मग फार वाईट वाटलं.

शनिवारी सकाळी तिने कंस नसलेली स्वच्छ प्रत बाबांपुढे ठेवली. बाबांनी ती वाचली, पुन्हा वाचली, मग कानावरची पेन्सिल काढून काहीतरी केलं.

"पलीकडे दे."

तिने पाहिलं. 'भाडेकरू' या शब्दाभोवती पेन्सिलीचा चौकोनी कंस होता.

"अहो बाबा, हे तर पहिल्याच दिवशी ठरलं होतं! आज शेवटची तारीख आहे!"

"सगळं ठरत नाही तोवर काहीच ठरलेलं नसतं. परवा त्याला तूच सांगत होतीस ना?"

ती कागद घेऊन पलीकडे गेली. काकांनी एक चष्मा काढला, दुसरा लावला.

"हा कंस कुणाचा?"

"तिकडचा."

"कंस टाकला की आपला शब्द सुचवावा लागतो ना?"

"हो."

"मग कुठाय?"

"सुचवलाच नाही. वर जागा सोडलीय."

भिंतीपलीकडची बारीक खुडबूड थांबली होती. काकांनी त्या कंसावरून बोट फिरवलं. मग त्यांनी प्लायवूडवर दोन बोटांनी टकटक केलं.

"दादा," ते म्हणाले, "पेन्सिलीनं काय लिहितोस? पेन घेऊन इकडे ये."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला.