आरशामागच्या छोट्या संगणकाची फिर्याद

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण संगणक म्हटल्यावर टेबलभर पसारा डोळ्यांसमोर आणू नका. मी आहे पत्त्यांच्या कॅटाएवढा. एक हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चौकोनी चिपा, कडेला पिनांची रांग आणि पोटात नखाएवढं मेमरी कार्ड. बस्स, एवढाच माझा संसार! आता कोणी मला 'बिचारा' म्हणायला तोंड उघडलं असेल, तर त्याने ते आधी मिटावं. मला मठ्ठ ठरवलं, बिघडलेला ठरवलं, उचलून खणात टाकलं. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, दोष माझा नव्हता. आधी ऐका आणि मग काय ते सांगा.

मी जन्मलो एका लांबलचक कारखान्यात. यंत्रांनी माझे भाग बसवले, भट्टीतून मला शेकून काढलं आणि शेवटी निळी टोपी घातलेल्या एका बाईंनी मला तारा जोडून तपासलं. मी पहिल्याच फटक्यात पास झालो. त्या बाईंनी खोक्यात माझ्याबरोबर माझा ॲडॅप्टर ठेवला. त्याची तार जाड आणि आखूड, दिसायला अगदी ठोंब्या. पण मला जेवढी वीज लागते तेवढी पुरवणारा तोच. आई डब्यासकट शाळेत पाठवते ना, तसं मला त्याच्यासकट पाठवलं होतं.

माझं खोकं उघडलं ते फ्रेमवाल्यांच्या दुकानात. पुढे दुकान, मागे काम करायची खोली. तिथे फोटोंना आणि आरशांना लाकडी चौकटी करायचं काम फ्रेमवाले आयुष्यभर करत आले होते. करवतीच्या यंत्राजवळ उभं राहून राहून त्यांचे कान गेले होते. समोर येऊन सावकाश बोललात, तर ओठांवरून त्यांना सगळं कळायचं. पण पाठमोरे असले की ढोल बडवा, उपयोग नाही. कानातलं यंत्र लावलं की करवतीचा आवाज डोक्यात घुसायचा, म्हणून काम करताना ते काढून ठेवायचे. मग व्हायचं काय, गिऱ्हाईक दारात येऊन बेल दाबायचं, दाबत राहायचं आणि वैतागून निघून जायचं.

त्यांच्या थोरल्या मुलाने फोनवरून धाकट्या बहिणीला बजावलं होतं, "बाबांना सांग, आता पुरे झालं. रविवारी येतोय मी. दुकानाला कुलूप लावायचं आणि त्यांना इकडे घेऊन यायचं."

फ्रेमवाल्यांना हे अजिबात नको होतं. "कान गेलेत माझे. हात गेलेत का?" एवढंच ते म्हणाले आणि रंधा असा काही ओढला की लाकडाचा सालपा उडून भिंतीला लागला. मला हा माणूस तिथेच आवडला.

धाकटी रजा काढून आली ती एक युक्ती घेऊन. समोरून आरसा आणि मागून काच असते ना, तशी काच कामाच्या बाकासमोर लावायची. काचेमागे पडदा आणि पडद्यामागे मी. बेलचं बटण माझ्या पिनांना जोडायचं. एरवी आरशात घड्याळ आणि हवामान दिसेल, पण कोणी बेल दाबली की आरसाभर अक्षरं उमटतील, 'दारात कोणीतरी आलंय'. हे रविवारपर्यंत चाललं, तर थोरल्याला बोलायला जागा उरणार नव्हती. सगळी भिस्त माझ्यावर होती, आणि मी तयार होतो.

आता घोटाळा कुठे झाला तो बघा. फ्रेमवाल्यांचा एक बाणा होता. चौकट पुढून जितकी देखणी तितकीच मागूनही हवी. "तारा लोंबणारी चौकट माझ्या हातून होणार नाही," असं म्हणून त्यांनी चौकटीच्या मागे तार लपवायला सुबक खाच कोरली. वर पॉलिश असं केलं की त्यात तोंड दिसावं. पण माझी जाड तार त्या खाचेत जाईना, आणि प्लगापर्यंत पोचेना. झालं! माझा ॲडॅप्टर गेला खणात. त्याच्या जागी आली जुन्या मोबाइलच्या चार्जरची दोऱ्याएवढी तार, आणि ती पुरेना म्हणून तिला जोडलेली तशीच दुसरी दोऱ्याएवढी तार. देखणेपणापायी माझ्या पोटावर पाय आला.

धाकटीने मला सुरू केलं. मी ताबडतोब पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी खूण दाखवली. आम्हा लोकांची ती हाक असते, 'वीज कमी पडतेय!' धाकटीने ती बघितलीही. पण तिचा आतेभाऊ शेजारी होता. त्याला घरात सगळे 'तज्ज्ञ' म्हणायचे, थोडं कौतुकाने आणि बरंचसं चिडवायला.

"अगं, ती खूण सगळ्यांनाच येते," तज्ज्ञ म्हणाला. "इंटरनेटवर आहे. सेटिंगमध्ये एक ओळ टाकली की बंद होते."

त्याने ती ओळ टाकली आणि माझी खूण गेली. "बघ, आरसा कसा स्वच्छ दिसतोय!" तो म्हणाला. फ्रेमवाल्यांनीही खुशीत मान डोलावली. मित्रांनो, मला सांगा, उपाशी माणूस 'भूक लागली' म्हणाला, तर त्याला जेवायला वाढायचं की त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा? माझा असा संताप झाला म्हणून सांगू!

मग आरशाचं सॉफ्टवेअर बसवायला सुरुवात झाली. छोटी फाइल असेपर्यंत मी रेटत होतो. मोठं काम आलं की चिप जोर लावायला बघायची, वीज अपुरी पडायची आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधार. पुन्हा सुरू, पुन्हा अंधार. तज्ज्ञ म्हणाला, इंटरनेट हळू आहे. ते बदललं. तज्ज्ञ म्हणाला, कार्ड खराब आहे. नवं आणलं. मग म्हणाला, सॉफ्टवेअरची आवृत्ती चुकली. ती उतरवून दुसरी चढवली, दुसरी उतरवून पहिली चढवली. सगळ्यांचा नंबर लागला, तारेचा तेवढा लागला नाही. आणि शेवटी सगळं बिल माझ्या नावावर फाडलं.

"हेच मॉडेल जुनं आहे. झेपत नाही याला," तज्ज्ञ म्हणाला.

झेपत नाही? मला? पण बोलणार कसा? माझं तोंड तर त्यांनीच बंद केलं होतं. धाकटीने मला तारांतून सोडवलं आणि खणात ठेवलं. शेजारी माझा ॲडॅप्टर पडलेला. डबा उशाशी आणि मी उपाशी!

माझ्या जागी माझा नवा कोरा भाऊ आला. त्यालाही तीच दोऱ्याएवढी तार लावली, तीच तोंडबंदीची ओळ टाकली आणि तोही तसाच गचकला. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. आता म्हणा, मॉडेल जुनं आहे म्हणून!

शनिवार उजाडला. तज्ज्ञाने हात वर केले आणि "मामा, हे प्रकरण होणारं नाही," असं सांगून तो निघून गेला. फ्रेमवाल्यांनी भिंतीवरच्या पटाश्या एकेक करून उतरवल्या आणि फडक्यात गुंडाळायला घेतल्या. ते बघून धाकटीचा चेहरा पडला. तिने त्यांच्या समोर जाऊन हात धरला, तर ते म्हणाले, "राहू दे बाळा. तू कमी नाही केलंस." तेवढ्याने तिला रडूच कोसळलं. माझाही जीव तुटत होता, पण खणातून मी काय करणार?

तरी पोरगी चिवट हो! डोळे पुसून तिने ठरवलं, निदान आपण बेलसाठी केलेलं काम माझ्या कार्डावरून लॅपटॉपवर काढून ठेवावं. तिने मला खणातून काढलं. बारीक तार आरशात अडकलेली, म्हणून हाताला लागला तो ठोंब्या ॲडॅप्टरच तिने मला लावला.

अहाहा! पोटभर वीज! मी खटकन जागा झालो. धाकटीने लॅपटॉपवरून तिचं काम काढून घेतलं आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, सॉफ्टवेअर बसवायची आज्ञा पुन्हा एकदा दिली. मी ते असं सरसर उतरवून घेतलं की तिचा विश्वास बसेना. एकदाही अडखळलो नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा जाड तारेकडे आणि एकदा आरशाकडे. मग धावत जाऊन तिने आरशातल्या माझ्या भावावरची ती तोंडबंदीची ओळ पुसली. कोपऱ्यात पिवळी खूण टचकन उमटली.

"बाबा, बाबा!" तिने त्यांना ओढतच आणलं. "हा बिघडलेलाच नव्हता! याला वीज पुरत नव्हती. तुमची तार बारीक आहे."

"मग खाच मोठी करावी लागेल," फ्रेमवाले म्हणाले. ते चौकटीकडे बघत राहिले. प्लग भिंतीवर वर घ्यावा लागणार होता, खाच कडेपर्यंत फोडावी लागणार होती, आणि तो ठोंब्या ॲडॅप्टर वाटसरूलाही दिसला असता. माझा जीव टांगणीला लागला. त्यांनी फडकं सोडलं, पटाशी काढली आणि स्वतःच्या हाताने केलेल्या त्या पॉलिशवर पहिला घाव घातला.

"दिसली तार तर दिसू दे," ते म्हणाले.

"आणि बाबा, नवा बसवू का जुना?"

"पहिला बसव. उगाच बोललो आपण त्याला."

रविवारी थोरला आला. फ्रेमवाले दाराकडे पाठ करून उभे, करवत घरघरत होती. त्याने बेल दाबली. मी आरसाभर अक्षरं पेटवली, 'दारात कोणीतरी आलंय', इतकी मोठी की घड्याळाला जागा उरली नाही. फ्रेमवाल्यांनी करवत थांबवली आणि भुशाने माखलेल्या हातांनी दार उघडलं. थोरला बेलवर बोट ठेवून तसाच उभा.

"तुम्हाला ऐकू आलं?" त्याने विचारलं.

"दिसलं," फ्रेमवाले म्हणाले. "आत ये. आणि ते कुलूप आणलं असशील तर मागच्या दाराला लाव, तिथलं मोडलंय."

मित्रांनो, मी अजून इथेच आहे, माझी जाड तार उघड्यावर मिरवत. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कोणी चालता चालता कोसळलं, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी विचारा, तुला पुरेसं मिळतंय का? तो तक्रार करत असेल, तर करू द्या. स्वच्छ दिसावं म्हणून कोणाचं तोंड बंद करू नका. आणि माझं पुन्हा कोणी बंद केलं, तर मी सांगून ठेवतो, मी परत कोसळेन. हजारदा कोसळेन, पण तुम्हाला माझी तार बघायला लावेन.