चौथ्या क्रमांकाचं गाव

“तो फॉर्म भरून पाठवू नकोस, पोरी,” मिस व्हर्नेल म्हणाल्या होत्या. “लोकांना कळलं की लोक येतात. आले की त्यांना जागा लागते. आणि या गावात रिकामी जागा शोधायला गेलं तर ती माझ्याच बुडाखालची निघेल, बघ.”

मी हसले होते. एफी तेव्हा चार महिन्यांची होती आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. मी त्यांच्याच टेबलावर लॅपटॉप उघडून कॅल्डर बेंडचे गोडवे लिहीत होते. ते माझं कामच होतं. गावच्या व्यापारी मंडळाच्या कचेरीत मी अर्धवेळ नोकरी करत होते, आणि एका मोठ्या वेबसाइटनं देशभरातल्या लहान शहरांना प्रश्नावली पाठवली होती. पुढच्या पाच वर्षांत कुठली लहान शहरं झपाट्यानं वाढतील? तुमचं त्यात का असावं?

“टेनेसीच्या या कोपऱ्यात कोण येतंय, मिस व्हर्नेल? आपल्याकडे एकच सिग्नल. तोही अर्धा वेळ नुसता पिवळा लुकलुकतो.”

“मग ते तर मुळीच लिहू नकोस. गर्दीला वैतागलेल्या माणसाच्या तोंडाला पाणीच सुटेल.”

मी लिहिलं. सिग्नलचं लिहिलं, नदीचं लिहिलं, शुक्रवारच्या फुटबॉलचं लिहिलं. घरभाड्याच्या रकान्यात गावाची सरासरी हवी तितकी कमी दिसेना, म्हणून पाइन शेडमधली भाडीही त्यात मिसळली. खोटं काही नव्हतं. पाइन शेड गावाच्या हद्दीतच होतं: कारखान्यात बनवून चाकांवर ओढून आणलेल्या बावीस ट्रेलर घरांची वस्ती. घर ज्याचं त्याचं, खालची जमीन मात्र मालकाची, तिचं महिन्याला भाडं. चौदा नंबरचं घर मिस व्हर्नेलचं. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन त्या तिथं आल्या, एकोणिसशे चौऱ्याहत्तर साली, कोऱ्या घरात. नवरा, डॉयल, त्याच घरात गेला. तिकडे वयस्कर बायकांना आदरानं ‘मिस’ म्हणतात, म्हणून त्या सगळ्यांच्या मिस व्हर्नेल. आम्ही रस्त्यापलीकडे भाड्यानं राहत होतो. मी कामावर परत गेले तेव्हा एफीला आठवड्यातले तीन दिवस त्या सांभाळायला लागल्या. एफी माझं पहिलंच मूल, मला कशाकशाची भीती वाटायची ते इथं सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की माझं मूल ज्यांच्याकडे ठेवून मी फोन न करता दोन तास राहू शकत होते अशा त्या जगात एकट्याच होत्या.

जानेवारीत यादी आली. दहांत आम्ही चौथे. माझ्या साहेबांनी, ब्रेंट स्टॅग्सनी, निळ्या साखरेत ‘४’ काढलेला भला मोठा केक मागवला. “डेलनी, हा तुझा केक आहे!” ते सगळ्यांसमोर म्हणाले. मी साखरेचं फूल असलेला तुकडा मिस व्हर्नेलसाठी घेऊन गेले. त्यांनी तो उभ्याउभ्याच खाल्ला.

“केक बरा आहे,” म्हणाल्या.

आता त्या यादीची आठवण झाली की माझं डोकं फिरतं. ज्यानं ती केली तो आमच्या गावात एकदाही आला नव्हता. त्यानं माझं लिखाण वाचलं आणि लोकांनी त्याचं. उन्हाळ्यापर्यंत किराणा दुकानासमोर कॅलिफोर्निया आणि इलिनॉयच्या नंबरांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. आमचा पोस्टमन म्हणाला, “आता मला लोक पत्ता विचारत नाहीत, भाव विचारतात.”

मी नजर ठेवणारी बाई आहे. एफीची ढकलगाडी घेऊन रोज चालायला जायचे तेव्हा कुणाच्या कुत्र्याचा पट्टा सुटलाय, कुठल्या अंगणात पाण्याची टाकी उघडी आहे, सगळं मला दिसायचं. पाइन शेडच्या मागच्या कुंपणालगत गुलाबी फिती बांधलेले खुंटही दिसले होते. दोन वेळा दिसले. गॅसची लाइन टाकत असतील, असं म्हणून मी पुढे गेले.

पुढच्या फेब्रुवारीत पाइन शेडमधल्या सगळ्या घरांना पत्रं आली. जमीन विकली गेली होती. नव्या मालकाला तिथं फ्लॅटच्या चार इमारती बांधायच्या होत्या. त्यासाठी नगरपरिषदेची मंजुरी हवी होती, आणि ती मिळाली की सहा महिन्यांत सगळ्यांनी आपापली घरं हलवायची.

“घर तर तुमचंच आहे,” मी म्हणाले. “दुसरीकडे नेऊ. ट्रेलरच तर आहे.”

“तुझ्या तोंडून सगळं कसं सोपं वाटतं गं,” त्या म्हणाल्या.

मी घरं ओढून नेणारा माणूस बोलावला. तो टॉर्च घेऊन घराखाली सरपटत गेला आणि कोळ्यांच्या जाळ्यांनी माखून बाहेर आला. “बाईसाहेब, चाकांची कधीच माती झालीय. तरी ओढलंच, तर पहिल्या वळणावर स्वयंपाकघर एकीकडे जाईल आणि झोपायची खोली दुसरीकडे.”

“मग स्वयंपाकघरच ने,” मिस व्हर्नेल म्हणाल्या. “झोप तशीही लागत नाही.”

तो हसला. मला हसू येईना. मी अकरा वस्त्यांना फोन केले. सगळीकडे पहिला प्रश्न एकच: घर कुठल्या सालचं? शहात्तरच्या आधीचं म्हटलं की संपलं. सुरक्षेचे सरकारी नियम त्या सालापासूनचे, त्यापेक्षा जुनी घरं आम्ही घेत नाही. एका बाईनं तर मी ‘चौऱ्याहत्तर’ म्हणेपर्यंत फोन ठेवलासुद्धा. म्हणजे घर हलणार नव्हतं, आणि हललं तरी त्याला कुणी टेकू देणार नव्हतं. उरली होती फक्त एप्रिलमधली नगरपरिषदेची सभा.

परिषदेतल्या सात जणांपैकी मिसेस टेट मिस व्हर्नेलच्याच चर्चमध्ये येतात. त्यांनी रविवारी सरळ सांगितलं, “व्हर्नेल, तू स्वतः उभी राहून बोल. मतदानाच्या आधी. तुझं तोंड बघून एक तरी जण हलेल, आणि मला एकच हवाय.”

बोलायला तीन मिनिटं मिळतात. समोर दिवा असतो: हिरवा, पिवळा, लाल. आम्ही आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात अंडी उकडायचं घड्याळ लावून तयारी केली.

“दीड मिनिट डॉयलच्या टोमॅटोंवरच गेलं,” मी म्हणायचे.

“टोमॅटो तेवढे चांगले होते.”

“टोमॅटो काढा, मिस व्हर्नेल. घर हलत नाही, दुसरीकडे घेत नाहीत, एवढंच सांगा.”

“काढते बाई. डॉयलला वर जाऊन तूच सांग.”

सभा मंगळवारी सहाला. त्यांनी ईस्टरचा जांभळा ड्रेस घातला होता. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून मी म्हणाले, “तुम्ही पुढे जाऊन बसा, तुमचं नाव मी लिहिते.” दारापाशी टेबलावर दोन कागद होते, एक पांढरा, एक निळा. एफी आता पावणेदोन वर्षांची होती आणि तेवढ्यात माझा हात सोडून झेंड्याच्या काठीकडे पळाली. काठी हलली. मला ती पोरीच्या डोक्यावर पडलेलीच दिसली. मी समोर आलेल्या कागदावर ‘व्हर्नेल प्रूइट’ खरडलं आणि धावले.

तो कागद निळा होता.

त्या सभागृहात मी कामानिमित्त वीसेक वेळा तरी गेले असेन. ब्रेंटसाहेबांचं नाव दर वेळी मीच लिहायचे, पांढऱ्या कागदावर. पांढरा त्या दिवशीच्या विषयांवर बोलणाऱ्यांसाठी. निळा इतर तक्रारींसाठी, आणि निळ्यावरच्या लोकांना सगळी मतदानं उरकल्यावर बोलावतात. हे मला माहीत होतं. नगरपरिषदेतलं दुसरं काही माहीत नसेल, पण हे मला नक्की माहीत होतं.

सातवा विषय आला, पाइन शेडचा. नव्या मालकाचा वकील बोलला. मग ब्रेंटसाहेब उठले आणि देशात आपलं गाव चौथं कसं आलं ते माझ्याच वाक्यांत सांगितलं. लुकलुकणाऱ्या सिग्नलवर लोक हसले.

“यादीत आणखी कोणी नाही,” अध्यक्ष म्हणाले.

मी उभी राहिले. “व्हर्नेल प्रूइट यांचं नाव आहे!”

“या कागदावर नाही, बाई.”

“मी स्वतः लिहिलंय!”

त्यांनी दुसरा कागद उचलून पाहिला. “निळ्यावर आहे. त्यांना शेवटी संधी मिळेल.”

“पण त्यांना याच विषयावर बोलायचंय! समोर बसल्यात त्या, बघा ना!”

मिसेस टेटनी नाव बदलून घ्या म्हणून विनंती केली. परिषदेच्या वकिलानं नकारार्थी मान हलवली. नोंदणी सहाला बंद होते, एकीला सूट दिली तर उद्या सगळे मागतील. पोरीला कडेवर घेऊन मी तिथं उभीच होते आणि माझ्या अंगाचा नुसता जाळ होत होता. कुणी दुष्टपणा केला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. सगळे नियमानं आणि नम्रपणे वागत होते.

चार विरुद्ध तीन. मंजूर.

तासाभरानं निळा कागद निघाला. एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलले. मग मिस व्हर्नेलचं नाव पुकारलं. सभागृह जवळजवळ रिकामं झालं होतं. त्या माइकपाशी गेल्या, हातातलं कार्ड पर्समध्ये ठेवलं आणि तीनच्या तीन मिनिटं डॉयलच्या टोमॅटोंबद्दल बोलल्या. लाल दिवा लागला तेव्हा वाक्य अर्धं होतं. ते तसंच टाकून त्या परत फिरल्या.

गाडीत म्हणाल्या, “चार वर्षं कॉलेजात काय शिकवलं गं तुला? निदान रंग तरी ओळखायला शिकवायचे.”

मी रडायला लागले.

“पुढे बघून चालव. मागे पोर आहे.” आणि उतरताना, “उद्या तिला नेहमीच्या वेळेला आण.”

त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं, दार आपटायला हवं होतं. उलट दुसऱ्या दिवशी एफीसाठी बिस्किटं भाजून तयार होती. मी नोकरी सोडली, पण त्यानं कुणाचं काय भलं झालं? जूनमध्ये आमच्याही घरमालकानं घर विकलं. गावात परवडेल असं दुसरं घर मिळेना. अर्थात कसं मिळणार? रीडला, माझ्या नवऱ्याला, त्याच्या भावानं इंडियानात काम दिलं, आणि ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. गाडीनं पाच तासांवर.

“तुम्ही कुठं जाणार?” मी शंभरदा विचारलं असेल.

“पुतण्या बघतोय काहीतरी. तू पोरीकडे बघ.”

मुदत ऑक्टोबरच्या अखेरीला संपली. तोवर आम्ही एक दिवसाआड बोलत होतो. वस्तीत उरलेलं एकमेव घर आपलंच आहे, आता शेजाऱ्यांचा गोंगाट नाही, असं त्या हसत सांगायच्या. मग फोन नुसता वाजू लागला. आता वाजतही नाही. निरोपांची पेटी भरली आहे, असं एक यंत्र सांगतं.

मी पोलिसांना फोन करून तपास करायला सांगितलं. तरुण आवाजाचा शिपाई होता. “गेलो होतो, मॅम. दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. बाहेरून सगळं ठीक दिसलं.”

“आत गेलात?”

“आत जाण्यासारखं काही दिसलं नाही, मॅम.”

“अहो, त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत! आसपास कुणी राहत नाही!”

“मी नोंद करून ठेवलीय, मॅम.”

मिसेस टेट म्हणाल्या, तीन रविवार ती चर्चमध्ये आलेली नाही, आम्हाला वाटलं पुतण्याकडे गेली. पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, “ती तुमच्याकडे आहे ना? मला तर म्हणाली होती, डेलनीकडे जातेय.” तो आता अलास्कात मासेमारीच्या बोटीवर आहे. त्याला यायला आठवडा लागेल.

आज बुधवार. एफीला एकशे दोन ताप आहे, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. रीडला शनिवारशिवाय सुटी नाही. शनिवारी पहाटे आम्ही निघणारच आहोत, पण मधले दोन दिवस मला काही केल्या गिळता येत नाहीत.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कितीतरी जण ती यादी पाहून कॅल्डर बेंडला राहायला गेले आहेत. कुणाचा भाऊ गेला असेल, कुणाची कॉलेजातली मैत्रीण. त्यांना सांगा, किंवा तुम्हीच जा. नदीच्या पुलावरून उतरलं की डावीकडे पाइन शेड, बांधकामाची मशिनं उभी आहेत त्यांच्या मागे. घरावर चौदा नंबर आहे. आजच जा. एकदा वाजवून परत फिरू नका. मागे जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत बघा. मोठ्यानं हाक मारा, ‘मिस व्हर्नेल’ म्हणून. त्या ओ देईपर्यंत मारत राहा, आणि नाहीच दिली तर दार तोडा.