रोजचा केक

“लग्नात कशी होती, फुंकर मारली तर उडेल अशी!” लिफ्टवाल्यानं बायकोच्या आधीच उत्तर देऊन टाकलं. “आता लिफ्टमध्ये चढली की मलाच धडकी भरते.”

समुपदेशक बाई हसल्या नाहीत. वजन कमी करायच्या ऑपरेशनला त्यांचा होकार लागायचा. बायकोचे गुडघे पार कामातून गेले होते, त्यामुळे तारीख आजच मिळायला हवी होती.

“त्यांना बोलू द्या. वजन कधीपासून वाढलं, ताई?”

“बाळ गेलं तेव्हापासून.”

पोर जन्मली ती श्वास न घेताच. त्यानंतर बावीस वर्षं घरात कुणी तिचं नाव काढलं नव्हतं. विषय काढला नाही की खपली धरेल, असा लिफ्टवाल्याचा आपला हिशेब.

“हे रोज संध्याकाळी केक आणायचे,” बायको सांगत होती. “बोलायचे काही नाहीत. मी खाते का, ते समोर बसून बघायचे. खाल्लं की यांचा जीव भांड्यात पडायचा. मग खात गेले.”

“अगं, पण तुला आवडायचा ना?”

“मला गोड कधी आवडलंय हो?”

“मग सांगायचंस की!”

“तेवढं एकच तर करत होतात तुम्ही माझ्यासाठी. त्यालाही नको कसं म्हणू?”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजाऱ्यांपाशी ‘आमच्या हिचं तोंड सदा चालू’ म्हणून खिदळायचं ह्यानंच, आणि केकही आणायचा ह्यानंच!

“ऑपरेशननंतर चार घासांत पोट भरेल,” बाई म्हणाल्या. “आग्रह केलात तर त्रास त्यांना. मग संध्याकाळी घरी जाऊन काय करणार तुम्ही?”

नुसत्या आवाजावरून लिफ्टचा बिघाड ओळखणारा माणूस तो.

“माहीत नाही हो,” तो म्हणाला.

“मग तारीख आज नको. पुढच्या आठवड्यात दोघंही या.”

बाहेर बाकावर ती दम खात बसली. तो समोर उभा राहिला. त्या दिवशी नर्स पोर दाखवायला घेऊन आली, तेव्हा तो जिना उतरून पळाला होता. हिनं एकटीनं तिला मांडीवर घेतलं होतं.

“कशी होती गं ती दिसायला?” त्यानं विचारलं.

बायकोनं जरा सरकून त्याला बसायला जागा केली.

“केस खूप होते,” ती म्हणाली.