बिनपायांची माळ

"भिजायला घाल." बाबांनी माळ टेबलावर ठेवली, शेजारी पाण्याचं भांडंही. "रात्रीला कांद्यावर परतू. तुझ्या आईची शेवटची."

मुलीने हातातला टॉवेल खाली ठेवला. आई जाऊन महिना होत आला होता. सुट्टी काढून ती आईचं कपाट आवरायला आली होती. वाळलेल्या अळंब्यांची माळ दरवर्षीसारखी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर होती, पण आल्यापासून तिने तिकडे बघायचं टाळलं होतं. आता माळ हातात घेतली. सुरकुतलेले, तपकिरी काप. वास तोच. वाटलं, मागच्या दाराशी बूट आपटल्याचा आवाज येईल आणि आई म्हणेल, "आधी हात धू."

मग तिचं लक्ष दोऱ्याकडे गेलं.

आई सुतळीत ओवायची, हाताला येईल तशी, एक इथे, एक तिथे. ही माळ मेण लावलेल्या निळ्या दोऱ्यात होती. प्रत्येक कापामागे गाठ, गाठींमध्ये सारखं अंतर, कोटाला बटणं लावावीत तसं. बाबांनी आयुष्यभर कोट शिवले होते.

"बाबा, ही तुम्ही ओवलीत?"

"ओवली मी. वेचल्या तिने."

"आणि अळंब्यांचे पाय?"

"कापले. कसं दिसत होतं ते. मातीबिती."

ती खुर्चीवर बसली.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. सुट्टीच्या दिवशी टोपली घेऊन गावामागच्या झाडीत जायची. परतताना कोणी ना कोणी तिला वाटेत अडवून स्वतःची टोपली पुढे करायचं, आणि आई आधी अळंबी उलटी करायची. गल्लीत तिचं नावच पडलं होतं, पायबघी. खरी आणि खोटी, म्हणजे विषारी, दोघींची टोपी पांढरी, दोघींच्या गळ्यात कॉलर. टोपीखालच्या पापुद्र्या खरीच्या गुलाबी असतात, मग तपकिरी होतात. खोटीच्या पांढऱ्या राहतात. पण कोवळेपणी तिथेही डोळा फसतो. खोटीचा पाय मात्र जमिनीत पांढऱ्या पिशवीत असतो, मोजा घातल्यासारखा. वरून कापून घेतली की मोजा मातीतच राहतो. म्हणून आई बोटांनी उकरून अळंबी अख्खी काढायची, आणि वाळवतानाही पायासकट उभी चिरायची.

जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा शेजारणीने खिडकीतून विचारलं होतं, "काय हो पायबघी, मोजे काढून बघितले का?"

"बघितले की," आई म्हणाली. "एकाला भोक आहे. पण माणूस खरा आहे."

मुलीने माळ टेबलावर सरळ पसरली. कुठल्याही कापावरून काही सांगता येत नव्हतं. वाळल्यावर सगळ्यांच्याच पापुद्र्या तपकिरी. तिने एकेका गाठीवरून बोट फिरवलं. कुठे जागा रिकामी नव्हती, या माळेतली एकही कुणी खाल्ली नव्हती. आई झोपेत गेली होती, हृदय थांबून. ते माहीत असूनही तिने सगळ्या गाठी तपासल्या.

"आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती ना?"

"हो."

"मग तिला दिसत होतं, या वेचल्या तेव्हा?"

बाबा खिडकीची कडी लावल्यासारखं करत उभे राहिले. कडी लागलेलीच होती.

"मीठ दोनदा घालायची," ते म्हणाले. "मी खायचो. झाडीत गेलो की तिच्या मागे मागे असायचो. ती उकरायची, अंगठा फिरवायची, टोपलीत टाकायची. अंगठ्याला कळायचं तिच्या."

"सगळ्यांचं कळायचं?"

"मी नाही विचारलं."

"का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर टोपली खाली ठेवली असती तिने. परत उचलली नसती."

ते येऊन समोर बसले. बोटं आपसूक माळेच्या गाठींवर गेली.

"घरी आल्यावर ती आडवी झाली. म्हणाली, अहो, आज तुम्ही चिरा. टोपली माझ्यासमोर. मी कधी हात लावलेला नाही त्या टोपलीला, तुला माहितेय. मला वाटलं, एक जरी तसली निघाली, तर तिला सांगायचं कसं? म्हणून न बघताच कापले. मोठ्या कात्रीने, सगळ्यांचे. पाय शेगडीत टाकले. मग चिरून ओवत बसलो."

मुलीने पाण्याचं भांडं माळेपासून लांब सरकवलं.

"बाबा, खोटी खाल्ली की दिवसभर काही होत नाही. मग पोट बिघडतं. मग बरं वाटायला लागतं, आणि तेच वाईट, कारण तोवर आत सगळं..."

"मला सांगतेस? मी त्या बाईबरोबर आयुष्य काढलंय."

"मग?"

"चांदीचा चमचा टाकून बघू. काळा पडला तर नको."

"चमच्याबद्दल आई काय म्हणायची?"

बाबांना हसू आवरलं नाही. "चमचा काळा पडायच्या आधी माणूस पडतो."

हसू ओसरल्यावर त्यांनी हळू विचारलं, "म्हणजे ती चुकली, असंच म्हणतेस ना?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. हो म्हटलं तर आईच्या अंगठ्यावरचा त्यांचा विश्वास ती काढून घेणार होती. नाही म्हटलं तर ते भांडं पुढे ओढणार होते. तिने खिळ्याकडे पाहिलं. आईची टोपली तिथेच खाली होती, तळाला माती सुकलेली.

"मावशीने आणलेल्या आठवतात?" तिने विचारलं.

"रुमालातल्या? धुऊनपुसून आणलेल्या?"

"पाय कापून. आई म्हणाली, ने परत. मावशी म्हणाली, अगं, मी तुझी सख्खी बहीण."

"'बहीण तू आहेस. या कोण आहेत ते मला माहीत नाही.'" बाबांनी तो आवाज इतका जसाच्या तसा काढला की दोघंही दचकले.

"खोट्या होत्या का त्या?"

"कुणास ठाऊक. तिने बघितल्याच नाहीत."

"मग मावशी चुकली होती?"

बाबांनी माळेवरून हात काढला. ते उठले, पाण्याचं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि मोरीत रिकामं केलं.

"टाकू नकोस पण," पाठमोरेच म्हणाले.

"नाही टाकत."

"बटाटे आहेत. बटाटे कर."

तिने माळ काचेच्या बरणीत घातली, झाकण घट्ट लावलं आणि बरणी आपल्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली. ती इथे का ठेवायची नाही, ते बाबांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

ती आपल्या घरी परतल्यापासून रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. हवा, गुडघा, शेजारीण, सगळं सांगून होतं.

"बरणी कुठे ठेवलीयेस?"

"कपाटात, वर. कुलपात."

"पोरांचा हात नाही ना पोचत?"

"नाही, बाबा."

मग ते म्हणतात, "उघड जरा."

ती फोन बरणीजवळ धरते. झाकण कुरकुरतं. ओल्या पानांचा, मातीचा तो वास तिच्या खोलीत पसरतो. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येतो, सावकाश आत ओढलेला.

"लाव आता," बाबा म्हणतात.