खिडकीतलं वाक्य

“हा नव्हे,” पा लमय म्हणाली. “ह्याचे दात बघ. सशासारखे.”

सतरावा सिनेमा होता तो! तीन आठवड्यांत रक्तपिशाचांचे सतरा सिनेमे मी शोधून आणले होते. शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसून, फोन शिलाई मशीनला टेकवून आम्ही ते बघायचो. पा म्हणजे मोठी आत्या, बाबांची थोरली बहीण. गावातल्या सगळ्या पोरांच्या खाकी चड्ड्या तीच शिवते. तिचा उजवा कान गेलाय, आणि डावाही वर्षाअखेर जाईल असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्याआधी तिला एकच ऐकायचं होतं. आठ वर्षांची असताना विहाराच्या जत्रेत पाहिलेल्या सिनेमातलं एक वाक्य. बर्फ, निळा पडदा, पलंगावर लहान मुलगी आणि खिडकीत आलेलं रक्तपिशाच. ते तिला काहीतरी म्हणतं.

“काय म्हणतं?”

“तेच तर आठवत नाही गं. पण त्यानंतर मला अंधाराची भीती कधी वाटली नाही.”

“निदान सिनेमाचं नाव?”

“जत्रेत सगळ्या सिनेमांचं नाव एकच, मुक पोरी. ‘आजचा सिनेमा’!”

पण मी काय हरतेय! वक्तृत्वात प्रांतात दुसरी आलेय मी. एक सिनेमा काय चीज आहे? इंटरनेटवर चार भाषांत विचारत सुटले. शेवटी परदेशातल्या कुणा म्हाताऱ्यानं दुवा पाठवला. उघडून बघते तर निळा पडदा!

“आपल्या भाषेत आहे ना?” पानं विचारलं.

“असणारच! तू आपल्याच भाषेत ऐकलंस ना?” मी ठोकून दिलं.

रविवारी दुपारी तिनं मशीन थांबवलं, पंखासुद्धा बंद केला. डावा कान फोनकडे करून बसली. खिडकी आली. निळा पडदा हलला. रक्तपिशाच मुलीकडे बघत राहिलं. ओठ मिटलेले. नुसता वारा. मग ते निघून गेलं.

“छे! हाही नाही,” मी म्हटलं.

“हाच आहे.”

“अगं, पण तो बोलतच नाही!”

“तो कुठला बोलायला? माझे बाबा बोलायचे.”

आजोबा फिरत्या सिनेमावाल्यांबरोबर असायचे, एवढंच मला ठाऊक होतं. मला वाटायचं, पडदा बांधत असतील.

“पडदा?” पा हसली. “माइक घेऊन बसायचे, परदेशी सिनेमाला आपल्या भाषेत आवाज द्यायचे. नायक तेच, नायिका तेच, कुत्रासुद्धा तेच. चित्र गप्प झालं की त्यांना चैन पडायचं नाही. त्या दिवशी मी पुढेच बसले होते, भेदरून. त्यांनी त्या मुलीला माझ्या नावानं हाक मारली आणि काहीतरी म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांची गाडी उलटली.”

“आधी का नाही सांगितलंस?”

“तू ‘असणारच’ म्हणालीस ना. वाटलं, राहिलं असेल त्यांचं बोलणं एखाद्या रिळावर.”

माझं तोंड कधी बंद होत नाही. मी म्हटलं, “पा, मी बोलू? त्याच्या जागी?”

“बोल की.”

मी पुन्हा लावलं. खिडकी आली, पडदा हलला. मला एक शब्द सुचला नाही.

“राहू दे,” ती म्हणाली. “परत लाव. तो वारा तेवढा बंद कर, त्यात बाबा ऐकू यायचे नाहीत.”

मी आवाज बंद केला. तिनं फोन उचलला आणि डावा कान त्याच्यावर ठेवला. मुलगी, खिडकी, निळा पडदा, सगळं तिच्या पांढऱ्या केसांखाली झाकून गेलं.