आरशाशी भांडणारा माशीमार

दातांचे डॉक्टर आठवड्याची रजा काढून जंगलातल्या विश्रामगृहात आले, ते एका पक्ष्यासाठी. निळा माशीमार. चिमणीहून लहान, गळा नारिंगी, उडते किडे टिपून जगणारा. कित्येक वर्षं डॉक्टर हात धुऊन त्याच्या मागे लागले होते. सोबत बायको होती. तिला पक्ष्यांचं सोयरसुतक नव्हतं. कुणाच्या दाढेबद्दल न ऐकता चार दिवस बसायला मिळालं, तरी तिला पुष्कळ होतं.

सकाळी डॉक्टर वाटाड्याला घेऊन झाडीत शिरले. बाई चहाचा कप घेऊन पायरीवर टेकल्या. एवढ्यात फांद्यांतून निळं काहीतरी सुटलं आणि थेट त्यांच्या गाडीच्या आरशावर आदळलं. आतल्या पाखराशी त्याचं हाडवैर असावं. चोच मारी, मागे सरे, हवेतल्या हवेत एखादा किडा गट्ट करी आणि पुन्हा भांडायला हजर! बाईंचा चहा गार झाला.

दुपारी डॉक्टर चिखलाने माखून, हात हलवत परतले.

"अहो, तुमचा पक्षी इथे आला होता. आरशाशी भांडत होता."

"अगं, तो माणसाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. साधं पाखरू असेल."

"गळा नारिंगी होता."

"उन्हात वाटतं तसं." मग त्यांचं लक्ष गाडीच्या दाराकडे गेलं. "हे काय! सगळी घाण करून ठेवलीय!"

त्यांनी दार पुसलं आणि दोन्ही आरशांवर आपले जाड मोजे चढवले.

दुसऱ्या दिवशी पाखरू मोज्यावर येऊन बसलं, इकडेतिकडे बघून निघून गेलं. बाईंना चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्यानंतर मात्र डॉक्टरांची पाठ वळली रे वळली की त्या मोजे काढायच्या. भांडण पुन्हा रंगायचं. ते यायच्या आत दार लख्ख, मोजे जागच्या जागी.

"मग, आज कोण आलं होतं?" शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी थट्टेने विचारलं.

"साधं पाखरू," बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर डॉक्टर धुमसत होते. "पुढच्या वर्षी सरळ समुद्रावर जाऊ."

"छे! इथेच यायचं. मी खोली सांगूनसुद्धा ठेवलीय."

डॉक्टरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं आणि ते खुलले. शेवटी हिलाही आपण पक्ष्यांची गोडी लावलीच! घर येईपर्यंत त्यांनी तिला माशीमार कसा ओळखायचा, ते बैजवार समजावलं. बाईंनी मन लावून ऐकलं. मधेमधे एकदोन शंकाही विचारल्या.