गंजलेला अडकित्ता

मी अडकित्ता बोलतोय. माझी जीभ धारदार आहे, आधीच सांगून ठेवतो.

वसईच्या लोहाराने मला घडवलं आणि लीलाच्या रुखवतातून मी एकनाथच्या घरी आलो. त्यांची पानवेलींची वाडी होती. रात्रीची जेवणं उरकली की लीला सुपारी कातरून विडा लावी. अर्धा एकनाथ खाई, अर्धा तिला भरवी. मग दिवा मालवला जाई. त्यांची जवळीक अशी विड्याने सुरू होई.

एकावन्न साली मुतखड्याने एकनाथचं एक मूत्रपिंड नासलं. मुंबईला नेऊन ते काढून टाकलं. जीव वाचला. घरी आल्यावर काही दिवसांनी त्याने विडा खाल्ला, पण शरीराने साथ दिली नाही. सकाळी म्हणाला, "डाक्टरांनी इडा बंद केलाय." मी डब्यात पडलो. माझ्या खिळ्याला गंज चढला.

तो पाठ फिरवून झोपू लागला. लीला मनातल्या मनात कुढत होती, आपलंच काही चुकलं म्हणून. बायकांची ही खोड मला मुळीच आवडत नाही!

एके दिवशी एकनाथ म्हणाला, "तुझ्या भावाला निरोप धाडलाय. उद्या गाडी आनेल. माहेरी जा."

लीलाने पेटी भरली नाही. ती तडक गावातल्या डॉक्टरांकडे गेली. परत आली आणि तिने मला डब्यातून काढून त्याच्यापुढे आपटलंच.

"इडा कोनी बंद केला? डाक्टर म्हनतात, मी नाय केला."

आता एकनाथ उठून जाणार, या भीतीने मी गारठलो.

"मी आता पुरुष राहिलो नाय," तो कसाबसा म्हणाला. "तू कशाला अडकतेस?"

"लाज सोडून तेपन विचारलं मी. एका मूत्रपिंडावर मानूस धडधाकट ऱ्हातो. ताकद यायला वेळ लागतो, आनि भीतीनं तो आनखी लांबतो. तुम्हाला भेटायला बोलावलंय." "वेल उतरवून मातीत पुरता, तवा लगेच पानं खुडता काय?"

दरवर्षी तो हेच करी. जुनी वेल मातीत गाडायची आणि नवा फुटवा येईपर्यंत हात लावायचा नाही. तरीही त्याने भावाला धाडलेला निरोप मागे घेतला नाही.

सकाळी गाडी दारात आली. भावाने हाक मारली. लीला पेटीकडे वळली, तेवढ्यात एकनाथने मला उचललं. मी उघडेना. त्याने जोर लावला, मी करकरलो, सुपारी वेडीवाकडी कातरली गेली. त्याने विडा तिच्यापुढे धरला.

"भावाला चा दे. आनि त्या गाडीतनं मला डाक्टरांकडं सोडायला सांग."

आता मी म्हातारा झालोय. बाबांनो, शरीर रुसलं तर बायकोशी बोला, डॉक्टरांना विचारा. खोटं बोलून आम्हाला डब्यात टाकू नका.

फुटवा कधी आला, ते मी सांगणार नाही. त्यानंतर माझ्यावर गंज मात्र कधी चढला नाही.